पहिलं आवतण गावदेवीला

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. सकाळी पेपरात कुठल्या तरी बड्या संस्थेचा अहवाल आला आणि त्यात 'स्थानिकांशी व्यापक चर्चा करून' हे शब्द दिसले की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, अहो, निवृत्त झालात ना, आता तरी पेपर पेपरासारखा वाचा. नाही जमत. चौतीस वर्षं संशय घ्यायचाच पगार खाल्ला, ती सवय आता कुठे जाणार?

तेव्हा मी कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. सकाळची हजेरी आटोपून मी बंदोबस्ताचं वाटप बघत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, एका संस्थेचे लोक चोरीची फिर्याद द्यायला आलेत. काय चोरीला गेलं? तर एक फाईल आणि एक जुनी वही.

संस्थेचं मुख्य कार्यालय ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या काचेच्या इमारतीत होतं, आणि कल्याणात दोन खोल्यांचं छोटं ऑफिस होतं. सरकारने कुठे काय करावं याचे अहवाल लिहिणं हे तिचं काम. फिर्यादीचा मजकूर असा होता की गावोगाव सर्व्हे करणाऱ्या एका मुलीने काम सोडलं आणि जाताना 'गोपनीय संशोधन साहित्य' उचलून नेलं.

फिर्याद अजून कागदावर उतरायची होती, तोवर मला तीन फोन आले. पहिला वरिष्ठ कार्यालयातून, दुसरा एका निवृत्त सनदी अधिकाऱ्याचा, तिसरा मंत्रालयातून, कुणाच्या तरी खाजगी सचिवाचा. तिघंही अगदी गोड बोलले. तिघांचं वाक्य एकच, 'जरा लक्ष घाला.' माझ्या हद्दीत बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं जात होती तेव्हा कुणाला असं लक्ष घालावंसं वाटलं नव्हतं. आणि आज एका जुन्या वहीसाठी तीन फोन? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गुन्हा नोंदवला. मुलीला अटक न करता हजर राहण्याची नोटीस काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. खडवलीच्या पलीकडच्या गावातली, जुन्या शेतकरी घरातली पोरगी, कल्याणात बीए केलेली. कामासाठी कोपरला मावशीकडे राहायची. आमच्या ठाण्यात महिला कक्ष नुकताच नवा झाला होता, गुबगुबीत खुर्च्या, एसी, भिंतीवर पितळी पाटी. तिथेच महिला हवालदाराला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली.

"फाईल कुठाय?"

"फाईलबिईल काही नाही, सर. छापलेला रिपोर्ट आहे. त्याची कॉपी तर सगळ्यांना देतात."

"आणि वही?"

"वही आमची आहे. बाबांची. म्हणजे गावाचीच."

"मग ती ऑफिसात गेली कशी?"

तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "मीच नेलेली."

"आता कुठाय?"

"नाही सांगणार. तुम्ही त्यांना द्याल."

इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहिली आहे. चोरी केलेला माणूस चौकशीत दाराकडे बघतो, नाहीतर तुमच्या कपाळाकडे. ही पोरगी सारखी स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिला भीती नव्हती वाटत, लाज वाटत होती. आणि लाज वाटणारा माणूस बहुतेक वेळा चोर नसतो, असा माझा अनुभव. मी तिला घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर खबर आली. वयस्क पुरुषाचा आवाज. "वही कोपरला हाय, पोरीच्या मावशीकडं. देव्हाऱ्याखाली." एवढं बोलून फोन बंद.

दोन पंच घेतले, महिला हवालदार घेतली आणि कोपर गाठलं. चाळीतली खोली. मावशी बिचारी आम्हाला पाणी द्यायला धावली. देव्हाऱ्याखाली लाल फडक्यात गुंडाळलेली वही होती आणि बरोबर संस्थेचा गुळगुळीत कागदाचा अहवाल. जागेवर पंचनामा केला, माल सीलबंद केला. पंच होते आमच्या ठाण्यासमोरचा चहावाला आणि त्याचा शेजारी झेरॉक्सवाला. प्रत्येक वेळी तेच असत. मावशीच्या चाळीतल्या एकाही माणसाला मी पंच म्हणून विचारलं नाही. असं करू नये हे मला माहीत होतं, पण खात्यात कोण करत नाही?

ठाण्यात आल्यावर पंचांना परत बसवून सील काढलं आणि अहवाल वाचायला घेतला. सगळा इंग्रजीत. सारांश एवढाच की त्या गावाभोवतालच्या जमिनीवर मालाची मोठमोठी गोदामं व्हावीत, आणि गावकऱ्यांनी एकमुखाने जमीन द्यायची तयारी दाखवली आहे. पुरावा म्हणून शेवटी चर्चासभेला हजर असलेल्यांची यादी जोडली होती. नाव, लिंग, वय, व्यवसाय, सगळं रकान्यांत बसवलेलं. मी आमच्या एका जुन्या हवालदाराला बोलावलं. तो शहाडच्या बाजूचा, मुलीच्याच समाजातला. म्हटलं, बघ रे, या गावात कुणी ओळखीचं आहे का. त्याने पहिली ओळ वाचली आणि खो खो हसायला लागला.

"हसतोस काय?"

"साहेब, पहिलंच नाव बघा. गावदेवी! बाई, वय साठच्या वर, धंदा शेती."

मला काही कळेना. तो म्हणाला, "साहेब, ही मीटिंगची यादी नाय. ही आवतनाची यादी हाय. आमच्यात लग्न निघालं का पहिलं आवतन गावदेवीला, दुसरं वेशीवरच्या देवाला, मंग मानाची घरं आनि मंग आळीआळीनं. बघा ना, दोन नंबरला वेशीवरचा देव. त्यालापन शेतकरी करून ठेवलाय. आनि हे खालचं नाव, त्या म्हाताऱ्याच्या दहाव्याला मी सोता गेलतो."

मग त्याने मला वही उलगडून दाखवली. गावात लग्न कुणाचंही असो, आवतण द्यायला निघताना हीच वही बरोबर न्यायची. घरचा म्हातारा वारला तरी घर त्याच्याच नावाने चालतं, म्हणून गेलेल्यांची नावंही तशीच. ती सांभाळायचा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे, आणि ते घर या मुलीचं. वहीवर संस्थेने आपलं छापील लेबल चिकटवून नंबरही टाकला होता. वही आणि अहवालातली यादी आम्ही शेजारी शेजारी ठेवली. एकही ओळ मागेपुढे नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलीला परत बोलावलं. यादी समोर ठेवली तशी ती रडायलाच लागली. मग सगळं बोलली. ऑफिसातल्या साहेबांनी गावातल्या घरांची यादी मागितली होती. तिला वाटलं, घरोघर जायचं असेल. मतदार यादीत अर्धी घरं सुटलेली, गावाची पुरी यादी एकच, ती म्हणजे आवतणाची वही. बाबांच्या हातापाया पडून तिने ती दोन दिवसांसाठी आणली, आणि ऑफिसने परत दिलीच नाही. पुढे अहवाल छापून आला तेव्हा तिने यादी पाहिली, आणि काम सोडताना वही उचलून आणली.

"गावाला वाटतं बाबांनी नावं विकली, सर. गावकीने त्यांना बैठकीत बसू नको म्हणून सांगितलंय. वही दाखवली तरच कळेल ना लोकांना, की हे मीटिंगला आलेले नाहीत, ही लग्नाची यादी आहे?"

त्याच दुपारी तिचे वडील आले. धुवट सदरा, हातात टोपी. खुर्चीवर बसायला तयार होईनात.

"साहेब, फोन मीच केलता."

"तुम्ही? स्वतःच्या मुलीची खबर दिलीत?"

"पोरीकडं राहिली आसती तर त्यांनी गोड बोलून नायतर धाक दाखवून नेली आसती. आता पोलिसांत जमा झाली म्हंजे सरकारजमा. आता कोन हात लावतंय तिला? फक्त एकदा बघू द्या, भिजलीबिजली नाय ना."

मुद्देमाल कारकुनाला सांगून मी वही बाहेर काढायला लावली. त्यांनी तिला हात लावला नाही, लांबूनच नमस्कार केला आणि गेले. खरं सांगतो, मला भरून आलं. लोक पोलिसांना शिव्या देतात, हा माणूस आमच्या मुद्देमालाच्या कोठीला देऊळ समजत होता.

मग मी संस्थेच्या प्रकल्पप्रमुखाला बोलावलं. चाळिशीच्या आतला, हसतमुख, शुद्ध मराठी बोलणारा माणूस. वकील बरोबर आणला होता, पण त्याची गरजच नव्हती.

"गावात सभा झाली होती?"

"झाली ना, सर. देवळात."

"किती लोक होते?"

"सात-आठ."

"आणि यादीत अख्खं गाव? देवांसकट?"

तो जरा ओशाळला. "ती एंट्री करणाऱ्याची चूक, सर. पण असं बघा, आम्हाला पैसा देणाऱ्या फंडाच्या कमिटीला एक ठरावीक नमुना भरून लागतो. त्यात सात-आठ चालत नाहीत. गावातलं प्रत्येक घर आलं पाहिजे."

"हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तेच तर सांगतोय, सर. सांगावं लागत नाही." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी नम्रपणे, "तुम्हीसुद्धा पंचनाम्याला पंच आणता. दर वेळी नवे शोधता का?"

असा संताप आला की काय सांगू! दोन सणसणीत द्याव्यात असं वाटलं. पण बोलणार काय, कपाळ? कोपरच्या पंचनाम्यावर चहावाल्याची सही होती आणि त्याची प्रत त्या वकिलाच्या हातात होती.

तो गेल्यावर मी कोरा कागद घेतला आणि सवयीप्रमाणे कोण कुणाला ओळखतो याचा नकाशा काढायला बसलो. पाकीटमारांच्या टोळीचा काढतो तसा. अहवालाच्या मागे आभाराचं पान होतं. संस्थेला देणगी एका प्रतिष्ठानाची. प्रतिष्ठान सातासमुद्रापलीकडच्या एका गुंतवणूक फंडाच्या मालकांचं. गोदामं बांधणाऱ्या कंपनीत पैसा त्याच फंडाचा. मुलीने मला संस्थेच्या साइटवरचा एक व्हिडिओ दाखवला होता. परदेशात कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी मंत्री, बँकवाले आणि प्राध्यापक जमले होते, आणि एक गोरा साहेब सांगत होता की भारतातल्या एका गावाने स्वतःहून जमीन देऊ केली, हा नमुना इतर देशांनीही घ्यावा. त्या परिषदेचा दाखला आपल्या सरकारच्या कागदांत आला, आणि आपल्या सरकारचा दाखला संस्थेच्या पुढच्या अहवालात. फंडाने संस्थेला पैसा द्यायचा, संस्थेने अहवाल द्यायचा, सरकारने धोरण करायचं, आणि जमीन जायची फंडाच्याच कंपनीकडे. गोल पुरा झाला. मधे कुठेही बंदूक नाही, धमकी नाही, लाच नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी कल्याण तालुक्यातली एक आवतणाची वही, जिच्या पहिल्या पानावर गावदेवीची संमती!

कागद बाजूला ठेवून मी पाय मोकळे करायला उठलो आणि महिला कक्षात डोकावलो. भिंतीवरची ती पितळी पाटी उद्घाटनाच्या दिवशी मी टाळ्या वाजवत पाहिली होती, वाचली मात्र नव्हती. त्या दिवशी वाचली. कक्षाला देणगी त्याच प्रतिष्ठानाची होती. माझा नकाशा अपुरा होता तर. त्यात मला माझंही ठाणं घालावं लागलं.

आता खरं तर काम सोपं होतं. फिर्याद खोटी आहे असा 'ब' समरी अहवाल कोर्टात पाठवायचा, वही ज्याची त्याला द्यावी असं म्हणणं मांडायचं, आणि यादीची प्रत तपासाच्या कागदांत लावायची. मी मसुदा लिहिलाही होता. मग परत फोन सुरू झाले. तेही गोडच. एकाने विचारलं, निवृत्तीनंतर काय करणार? दुसरा म्हणाला, पेन्शनचे कागद अडलेत का कुठे, बघू का? तिसऱ्याने तर माझ्या मुलाच्या नोकरीची चौकशी केली, आणि ती कुठे आहे हे मी त्याला कधीच सांगितलेलं नव्हतं. एकानेही मला अमुक कर, तमुक करू नको, असं म्हटलं नाही. कुणी म्हटलं असतं तर मी स्टेशन डायरीला नोंद करून त्याची अब्रू काढली असती. पण पेन्शनची चौकशी केली म्हणून काय नोंद करणार?

मी मसुदा फाडला आणि 'क' समरी लिहिली. म्हणजे फिर्याद खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झाली. संस्थेवर बालंट नाही, मुलीवर गुन्हा नाही, सगळे सुखी. यादीची प्रत मी कागदांत लावली नाही. पंचनाम्यात 'एक जुनी वही, वर संस्थेचे लेबल' एवढंच लिहिलेलं होतं. संस्थेच्या वकिलाने मुद्देमाल परत मागायचा अर्ज केला, कोर्टाने तपासी अधिकाऱ्याचं म्हणणं मागितलं, आणि मी माझ्या हाताने लिहिलं, 'हरकत नाही.' तपासात मुलीचा मोबाइलही जमा केला होता, त्यातले वहीचे फोटो गोपनीय माहिती म्हणून काढून टाकून तो तिला परत मिळाला. वही घोडबंदर रोडला गेली.

त्या दिवशी मुलगी मला हात जोडून म्हणाली, "थँक्यू सर, तुमच्यामुळे वाचले." वही कुठे गेली हे तिला अजून कळलेलं नव्हतं. मी मान हलवली आणि पुढची फाईल ओढली. नोकरीत पुष्कळ पापं झाली असतील, पण ती मान हलवलेली मला सगळ्यात जास्त बोचते.

निवृत्त झालो. डोंबिवलीतल्या घरी हार-तुरे अजून वाळले नव्हते तोवर संस्थेचं पत्र आलं. त्यांच्या सल्लागार मंडळावर माझ्यासारख्या अनुभवी अधिकाऱ्याने यावं. मी ते पत्र लगेच फाडलं असं लिहायला मला आवडलं असतं. दोन आठवडे टेबलावर होतं. बायकोने दोनदा विचारलं, जाणार आहात का? मी म्हटलं, बघू.

त्याच सुमारास एका सकाळी ती मुलगी घरी आली. बारीक झाली होती. चहा नको म्हणाली.

"सर, गावात मोजणीवाले आले. लोक म्हणतात, नावं तुमच्या बापाने दिली, तूच बोल त्यांच्याशी. बाबा बाहेरच पडत नाहीत. घराच्या मागच्या दाराने शेतावर जातात. तुम्ही मला कोर्टातून सोडवलंत, पण त्यांना कोण सोडवणार? वही तुम्ही पाहिलेली. एकदा येऊन गावकीला सांगाल?"

ती गेल्यावर मी ते पत्र फाडलं. उशीरच झाला होता, पण फाडलं.

रविवारी सकाळी गावदेवीच्या देवळात गावकी बसली होती. पुरुष चटईवर, बायका खांबांपाशी, आणि मुलीचे वडील पायरीच्या खाली उभे. मी इतकी वर्षं लोकांचे जबाब घेतले, त्या दिवशी पहिल्यांदा उभा राहून स्वतःचा दिला. यादी कशी बनली, वही कशी गेली, पोरीने काय समजून ती दिली, बापाने कुठल्या विश्वासाने मला फोन केला, आणि मी त्या विश्वासाचं काय केलं, सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. गावकीच्या म्हाताऱ्या पंचांनी चटईवर आपल्या शेजारी जागा केली. मग त्यांनी मुलीच्या वडिलांना हाक मारली, "ये रे, वर ये. बस." तेवढ्यावर मुलगी पदरात तोंड लपवून हमसून हमसून रडली. तलाठ्याकडे हरकतीचा अर्ज द्यायचं ठरलं. मी त्यावर साक्षीदार म्हणून नाव-पत्त्यासह सही केली. अर्जाचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. अहवाल अजून साइटवर आहे, आणि तो गोरा साहेब अजून भाषणं देतोच आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, मोठी माणसं जग कसं चालवतात हे शोधायला मोठ्या ठिकाणी जाऊ नका. आपल्या टेबलावरचा कागद बघा, त्यावर आपली सही कुणाच्या सोयीची आहे ते बघा. ते माना डोलावतात. मीही त्यांच्या वयात डोलावली असती.

त्या रविवारी देवळातून मी निघायला वळलो तेव्हा खांबाशी बसलेल्या एका म्हातारीने मला थांबवलं. नऊवारी, तोंडात दात नाहीत, आवाज मात्र खणखणीत.

"आरं, थांब जरा. तुना सगलं ठावं व्हतं. मंग वही त्यान्ला परत कनाला दिलीस?"

मी म्हटलं, "आजी, कोर्टाचा हुकूम होता."

"हुकूम राहू दे. तू कनाला दिलीस?"

सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो, "भ्यालो, आजी."

"कोनाला?"

मी आठवायला लागलो. ते तिघं फोनवाले? त्यांनी तर माझी विचारपूस केली होती. तो प्रकल्पप्रमुख? तो तर साधा नोकर. व्हिडिओतला साहेब? त्याला मी ठाऊकसुद्धा नव्हतो. आयुष्यभर आरोपीचं नाव, वय, धंदा, पत्ता लिहीत आलो, आणि त्या म्हातारीपुढे यातलं एकही मला सांगता येईना.

"माहीत नाही, आजी," मी म्हणालो.

ती शेजारणीला म्हणाली, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, "नाव नाय, गाव नाय, आनि येवरा मोठा पोलीस भ्यालाय बग."